दोन बाणांची खूण

ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेवर एक बाण ठोकलेला असे. तीन रेघांचा, साधा, बोटाच्या नखाहून लहान. तंबूच्या खुंटीपासून तोफेपर्यंत सगळीकडे तोच. ती वस्तू सरकारने रीतसर विकून टाकली, की पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण उलटा ठोकायचा. मग ती सरकारची राहिली नाही. जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर हे भिडलेले बाण सापडले, तर हत्यार सैन्यातून चोरवाटेने निघालेलं नाही, सरकारने स्वतःच्या हाताने विकलेलं आहे, एवढं नक्की कळतं. जुन्या हत्यारांची ओढ असलेली माणसं भिंगातून तासन् तास अशा खुणा शोधतात ते उगाच नाही.

सर्व्हिस रिव्हॉल्व्हर ही सरकारी वस्तू, असं आपण धरून चालतो. तिची वंशावळ तपासली तर सुरुवात खासगी खिशातून होते. हत्यार खासगी, मग सरकारी, मग पुन्हा खासगी, आणि प्रत्येक वळणावर सरकार पुन्हा त्याच्या मागे. आपल्या देशात तर हा माग गोळीच्या जाडीपर्यंत जाऊन पोचला. तो इथे क्रमाने लावायचा आहे.

१८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने आपली रिव्हॉल्व्हरं मांडली. इंग्रज रॉबर्ट ॲडम्सही तिथे होता. कोल्टच्या हत्याराला प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. ॲडम्सच्या हत्यारात नुसता चाप दाबला की पुरे. पुढे लेफ्टनंट फ्रेडरिक ब्यूमाँट याने दोन्ही सोयी एकत्र आणल्या आणि १८५६ मध्ये ब्रिटिश सैन्याने ब्यूमाँट-ॲडम्स स्वीकारलं. पण ‘स्वीकारलं’ म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात दिलं असं नव्हे. अधिकाऱ्याने गणवेश, तलवार आणि कमरेचं हत्यार आपल्या पैशाने घ्यायचं, हा रिवाज पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. अट इतकीच, की सरकारी काडतूस त्यात बसलं पाहिजे.

म्हणून या हत्याराचा बाजार आधी दुकानांतून उभा राहिला. लंडनमध्ये १८७१ साली सैन्याधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून ‘आर्मी अँड नेव्ही’ ही सहकारी संस्था काढली. तिची शाखा १८९० च्या दशकात मुंबईत आली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे; तिच्यासमोरून जाणाऱ्या फार थोड्यांना त्या नावामागचं हे दुकान आठवत असेल. विल्किन्सन हे तलवारीचं नामांकित घराणं निवडक वेब्ली हत्यारं आपलं नाव घालून विकत असे. आणि जुन्या हत्यारांचा बाजार? तो पलटणीतच भरायचा. अधिकारी मेला, की त्याच्या सामानाचा लिलाव होई आणि पैसे घरच्यांकडे जात. खोगीर, पुस्तकं, दुर्बीण आणि रिव्हॉल्व्हर त्याच्याच सोबत्यांनी बोली लावून घ्यायचं. वापरलेल्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरच्या खरेदीची ही सगळ्यात जुनी रीत, आणि मला सगळ्यात माणुसकीची वाटणारीही. घेणाऱ्याला हत्यार कुणाचं होतं ते ठाऊक असे.

सरकारने १८८० च्या सुमारास एन्फिल्डच्या आपल्या कारखान्यात स्वतःचं रिव्हॉल्व्हर करून पाहिलं. ते बोजड निघालं, रिकामी काडतुसं नीट बाहेर टाकेना. शेवटी बर्मिंगहॅमच्या वेब्ली घराण्याकडे जावं लागलं. या घराण्याचं रिव्हॉल्व्हर आयर्लंडच्या पोलीस दलाने १८६८ मध्येच घेतलं होतं. १८८७ साली वेब्ली मार्क वन सैन्यात आलं आणि पुढची साठ वर्षं त्याच घाटाची हत्यारं ब्रिटिश साम्राज्यात फिरत राहिली.

घाट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडची आजची कित्येक परवान्याची रिव्हॉल्व्हरं त्याच घाटाची आहेत. घोड्याच्या पुढे, सांगाड्याच्या माथ्यावर एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबला की हत्यार मधोमध मोडल्यासारखं पुढे झुकतं. नळी आणि सहा घरांची चक्री खाली वाकते, आणि वाकतानाच चक्रीच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर येऊन सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर लोटतो. एका हाताने मोडावं, दुसऱ्याने भरावं, मिटवावं. घोड्यावर बसलेल्या माणसासाठी ही रचना अप्रतिम होती. उणीव एकच: सगळा जोर त्या माथ्यावरच्या खटक्यावर येतो. तो झिजला, की हत्याराचा भरवसा गेला.

गोळी .४५५ इंचाची. वजनाने सतरा ग्रॅमच्या आसपास, शिशाची, वेगाने मंद. वसाहतींतल्या लढायांत अंगावर धावून येणारा माणूस जागच्या जागी थांबला पाहिजे, हा त्यामागचा विचार. १८९८ मध्ये तर पुढून खोलगट असलेली, शरीरात शिरताच पसरणारी गोळी काढली गेली. दुसऱ्याच वर्षी हेगच्या परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली आणि ती सैन्यातून मागे घ्यावी लागली. या रिव्हॉल्व्हरच्या देखणेपणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही गोळी कुणासाठी घडवली होती तेही बोलावं. ती आपल्यासारख्यांसाठीच होती: सरहद्दीवरच्या पठाणांसाठी, सुदानातल्या लढवय्यांसाठी.

१८९४, १८९७, १८९९, १९१३ अशा पायऱ्यांनी मार्क टू ते मार्क फाइव्ह झाले. बदल बारीकसारीक. मग युद्ध सुरू झालं, आणि २४ मे १९१५ ला मार्क सिक्स आलं: सहा इंची नळी, पोपटाच्या चोचीसारख्या मुठीऐवजी चौकोनी मूठ, वजन एक किलोच्या वर. युद्ध संपेपर्यंत सुमारे तीन लाख हत्यारं तयार झाली. खंदकांच्या चिखलात ते अडकत नसे, ही त्याची कीर्ती. कॅप्टन आर्थर प्रिचर्ड याने १९१६ मध्ये फ्रेंच संगिनीचं पातं कापून या रिव्हॉल्व्हरला लावायची संगीनही काढली. सैन्याने ती कधी अधिकृत केली नाही. ज्याला हवी त्याने आपल्या पैशाने घेतली.

इथे वळण आलं. आता लाखो रिव्हॉल्व्हरं सरकारच्या पैशाने घडली होती, सरकारच्या यादीत होती आणि युद्धानंतर लाखो माणसं घरी परतत होती. ब्रिटिश सरकार या हत्यारांना घाबरलं. रशियात क्रांती झाली होती, आयर्लंड पेटलं होतं. १९२० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रथमच पोलिसांच्या दाखल्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगणं गुन्हा ठरलं. ज्या देशात अधिकाऱ्याला स्वतःचं हत्यार स्वतःच घे म्हणून सांगत, तिथे आता ते घरात का ठेवलंस याचं कारण द्यावं लागू लागलं.

.४५५ चा धक्का नवशिक्याला झेपत नाही, म्हणून सैन्याने .३८ चं हलकं रिव्हॉल्व्हर मागवलं. वेब्लीने आराखडा दिला. सरकारने तो घेतला, एन्फिल्डमध्ये थोडा फिरवला आणि स्वतःच बनवायला घेतला. वेब्लीने २,२५० पौंडांचा दावा लावला. तो फेटाळला गेला. शेवटी शोधकर्त्यांना बक्षिसं देणाऱ्या शाही आयोगाने १,२५० पौंड हातावर ठेवले. हेच एन्फिल्ड नंबर टू दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यातही वावरलं. रणगाड्यात चढता-उतरता घोडा कपड्यात अडके, म्हणून १९३८ पासून त्याच्या घोड्याचं टोकच काढून टाकलं. जुन्या बाजारात बिनटोकाचा घोडा दिसला तर तो तुटलेला समजू नये.

आता आपल्याकडे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाला हत्यार बाळगायचं तर परवाना लागू झाला. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मोकळे. एकाच गावात एका दुकानातून साहेब सहज रिव्हॉल्व्हर उचलून नेई आणि शेजारच्या वकिलाला अर्ज करावा लागे. वंशावरून केलेला हा भेद १९२० च्या नियमांनी कागदावरून गेला. काँग्रेसला या कायद्याची सल इतकी होती, की १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याच वर्षी, २२ जुलैला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचा हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर जवळून रिव्हॉल्व्हर झाडलं. हॉटसन वाचला. पुढच्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास हिने गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर तिला कमला दासगुप्ता यांनी मिळवून दिलं होतं. क्रांतिकारकांच्या हाती येणाऱ्या हत्यारांना पावती नसे, वंशावळ नसे.

या कहाणीतला सगळ्यात काळा दुवा पुण्याजवळच्या खडकीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीला होता. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीला जाताना त्याने बरोबर नेलं ते त्याच्याकडचं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर. ते नीट चालत नव्हतं. गांधीजींच्या हत्येचा २० जानेवारीचा कट फसला. दहा दिवसांनी नथुराम गोडसेच्या हातात होतं ते ग्वाल्हेरमधून मिळवलेलं बेरेटा पिस्तूल. तेही मुळात इटलीच्या सैन्यासाठी घडलेलं आणि युद्धानंतर हातोहात फिरत आलेलं. सैन्यातून सुटलेलं हत्यार कुठल्या वाटेने कुठे पोचतं, याचं याहून भयंकर उदाहरण आपल्याकडे नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा असा आग्रह धरला. कराचीची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: असा हक्क सरसकट दिला तर तो कुणाकुणाला मागता येईल याचा विचार करा. दुरुस्ती नामंजूर झाली. मला आंबेडकरांचं म्हणणं पटतं. परक्या सरकारने निःशस्त्र करणं आणि आपल्या प्रजासत्ताकाने हत्याराचा हिशेब ठेवणं या दोन गोष्टी एक नव्हेत.

हिशेब कसा ठेवला ते पाहण्यासारखं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला अमलात आला. त्याच्या नियमांनी हत्यारांची वर्गवारी केली आणि ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चं काडतूस बसेल ते सामान्य परवान्याबाहेर टाकलं. म्हणजे वेब्ली मार्क सिक्स आणि एन्फिल्ड नंबर टू, दोन्ही. तर्क सरळ आहे: सैन्य-पोलिसांच्या कोठारातून चोरलेली गोळी नागरिकाच्या हत्यारात बसताच कामा नये. पूर्वी सरकारी काडतूस बसलंच पाहिजे ही अट होती. आता ते बसताच कामा नये ही अट झाली. एकाच वस्तूबद्दल शंभर वर्षांत राज्यसत्तेचं मत किती उलटं फिरलं, ते या दोन अटी शेजारी ठेवल्या की दिसतं. फौजदाराच्या कमरेला .३८ राहिलं, अमेरिकेच्या रुगर कंपनीने भारतीय पोलिसांसाठी मुद्दाम .३८० च्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बनवून दिलं. नागरिकाच्या वाट्याला .३२ आलं.

आणि .३२ मध्ये वेब्ली पुन्हा जन्मलं. १९४२ साली उभारलेल्या कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने नागरिकांसाठी जे .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचा घाट वेब्लीच्या .३८ मार्क फोरचा: तोच माथ्यावरचा खटका, तेच मधोमध मोडणं, तीच चांदणी. काडतूस बव्हंशी आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ही याच कुळातलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ही जवळजवळ १९३० सालची रचना नागरिकाला इतक्या चढ्या भावाने घ्यावी लागे, याला कारण पर्याय नव्हता हेच. १९८० च्या दशकात नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, आणि आधीच देशात असलेल्या .३२ च्या जुन्या वेब्लींचे, कोल्टचे भाव अनेक पटींनी चढले. २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबळ’ आलं. त्याची चक्री बाजूला उघडते. वेब्लीच्या घाटापासून ही फारकत होती. गंमत अशी, की त्याच्या आसपास वेब्ली अँड स्कॉट हे नावच उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर रिव्हॉल्व्हर बनवू लागलं, अर्थात .३२ चं.

मग भारतात वापरलेलं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर विकत घेताच येत नाही का? एक अरुंद वाट होती. सेनेला न लागणारी, नमुन्याबाहेरची हत्यारं जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारातून सैन्याधिकाऱ्यांना स्वस्तात मिळत. हेतू चांगला होता. पण स्वस्तात घेतलेलं हत्यार बाजारात दसपट भावाने जातं म्हटल्यावर व्हायचं ते झालं. राजस्थानात अशा विक्रीची प्रकरणं बाहेर आली, चौकशा झाल्या. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या लिलावात हत्यार ओळखीच्या हातातून ओळखीच्या हातात जाई. इथे मधली साखळीच विकली गेली.

नागरिकांमधली रीतसर विक्री कशी होते, तेही सांगतो. घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा: शहरात पोलीस आयुक्तांचा, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांचा. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं होतं त्यांना ते परत करावं लागलं. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षं झाली. ४५ दिवसांच्या अटीबद्दल कुरकुर ऐकू येते. मला ती योग्य वाटते. घाईने रिव्हॉल्व्हर हवं असणारा माणूसच थांबवायचा असतो.

हत्यार तपासताना नळी-चक्रीवरचे आकडे जुळतात का, हे पहिलं. मग मिटवलेल्या अवस्थेत नळी धरून हळूच हलवावी: माथ्याचा खटका सैल असेल तर हाताला कळतं. घोडा ताणल्यावर चक्री जागच्या जागी घट्ट बसते का पाहावं. इकडेतिकडे डुलत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही. बर्मिंगहॅमच्या १८१३ पासून चालत आलेल्या चाचणीगृहाच्या मुकुटाच्या खुणा सापडाव्यात. आणि परदेशातल्या मराठी मंडळींपैकी कुणी अमेरिकेत जुनं मार्क सिक्स घेत असेल तर एक गोष्ट जिवाची. युद्धानंतर तिकडे गेलेल्या हजारो वेब्लींची चक्री मागून घासून पातळ केली, म्हणजे तिथे सहज मिळणारं .४५ चं पिस्तुलाचं काडतूस बसावं. ते बसतं. पण त्या काडतुसाचा दाब, या हत्याराला कारखान्यातल्या चाचणीत दिलेल्या दाबापेक्षाही जास्त असतो. दुकानदार ‘सोय’ म्हणून सांगतो ती चक्री फाटण्याची वाट असते. अशा हत्यारात .४५५ च्या मूळ दाबाइतकं सौम्य भरलेलं काडतूसच घालावं.

ब्रिटनमध्ये तर ही वाटही बंद झाली. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावात शाळेत सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. दुसऱ्या वर्षी खासगी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर बंदी आली आणि १ लाख ६० हजारांहून अधिक हत्यारं जमा झाली. दोन बाणांनी मोकळी केलेली कित्येक वेब्ली तिथे सरकारकडे परत आली आणि वितळली. जमवणाऱ्यांना त्याचं दुःख झालं ते मी समजू शकतो. त्या गावातल्या आईबापांसमोर उभं राहून ते बोलायची माझी हिंमत नाही.

आपल्या कोकणपट्टीत हत्यार बाळगणाऱ्याचा खरा शत्रू पावसाळा. लोखंड चामड्याच्या म्यानात ठेवलं की चामडं ओल धरतं आणि चार महिन्यांत गंज पडतो; तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडात, काडतुसांपासून वेगळं, कुलपात. जुन्या काळच्या काडतुसांची राख नळी खाते, म्हणून जुने लोक झाडल्यावर नळीतून आधी गरम पाणी काढत, मग तेल लावत. निवडणुकीत पोलीस हत्यार जमा करायला सांगतात तेव्हा पावती घ्यावी, आणि परत घेताना आकडा पावतीशी जुळवावा.

शेवटची गोष्ट वारसांची. आजोबा सैन्यात होते अशी घरं महाराष्ट्रात, विशेषतः सातारा-कोल्हापूरकडे, पुष्कळ. त्यातल्या एखाद्या घरात पेटीच्या तळाशी .४५५ चं वेब्ली निघतं. ते फेकू नये, विहिरीत टाकू नये, ‘आठवण’ म्हणून गुपचूप ठेवूही नये. परवानाधारक वारला की त्याचं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं, असं कायद्याचं कलम २१ सांगतं. जमा केल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. साध्या, परवान्यात बसणाऱ्या हत्यारासाठी वारस अर्ज करू शकतो. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगून असला, तर हयातीतही ते वारसाच्या नावे करता येतं. .४५५ साठी मात्र परवानगी केंद्र सरकारची लागते आणि ती क्वचित मिळते. मग पोलिसांकडच्या अर्जातच हत्यार संग्रहालयाला द्यायची इच्छा लिहावी. सोबत आजोबांची पलटण, नोकरीची वर्षं, हत्याराचा आकडा आणि त्यावरच्या प्रत्येक खुणेचं टिपण जोडावं. तेवढा कागद नसेल तर संग्रहालयाच्या दृष्टीने ते फक्त एक किलो लोखंड असतं.